आयुधपूजेतले चार टायर

अण्णाचा डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नसे. त्याला शेवटचं निजवलं तेव्हाही तो हात जमिनीला टेकेना, कोपर अधांतरी राहिलं. कुणीतरी केळीचं पान दुमडून त्याखाली सारलं. बाजूला उभ्या असलेल्या एका शेजाऱ्यानं दुसऱ्याला हलक्या आवाजात सांगितलं, "त्या मेस्तिरीनं हवा जास्त भरली होती ना, तेव्हाचं हे." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. ऐकलं आणि गप्प राहिलो. त्याआधीची अकरा वर्षंही गप्पच होतो.

हे लिहायला बसून आठवडा झाला. रोज थोडं लिहितो आणि थांबतो.

अण्णा माझा थोरला भाऊ. कुंभकोणमला आमचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, ते तो बघायचा. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. दुकानात दिवसभर समया आणि घंगाळं विकणाऱ्या माणसाला वेगाचं वेड कुठून लागलं हे आमच्या घरात कुणालाच कळलं नाही. त्याच्याकडे एक छोटी जुनी मोटार होती. तिचं इंजिन त्यानं दोनदा उघडून पुन्हा बसवलं होतं. मद्रासच्या उत्तरेला लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी होती, तिथं शर्यती होत. पण वर्षातून काही दिवस असे असत की शर्यत नसे, फी भरून कुणीही आपली गाडी त्या पट्टीवर पळवावी. अण्णा आधी एकदा असा जाऊन आला होता, साध्या रस्त्याच्या टायरांवर. परत आला तो एकच बोलत. "गाडी पळते रे. पण वळणावर टायर रडतात. यंदा टायर नीट करूं."

टायर नीट करण्यासाठी तो मेस्तिरीकडे गेला. तिरुनागेश्वरमच्या रस्त्यावर मेस्तिरीचं टायर रिसोल करायचं दुकान होतं. बस आणि लॉरींचे गुळगुळीत झालेले टायर तो यंत्रावर घासायचा, वर नवं रबर चढवून भट्टीत शिजवायचा. तमिळ माणूस, तेव्हा पन्नाशीचा. आम्हा मराठी लोकांना तो इथल्या रीतीप्रमाणे रायर, म्हणजे राव, म्हणायचा. अण्णा पेरिय, म्हणजे थोरला रायर, मी चिन्न, म्हणजे धाकटा. आम्ही त्याच्याशी तमिळमध्येच बोलायचो. इथं मराठीत लिहितो आहे, घरातलं बोलणं मात्र आमच्या इकडच्या मराठीत तसंच ठेवलं आहे.

अण्णाला आधी मद्रासहून परदेशी टायर मागवायचे होते. मेस्तिरीनं विचारलं, "रायरे, पोरीला स्थळ बघताय की गाडीला टायर? नाव विचारू नका, अंग बघा." मग त्यानं दोन टायर समोर टाकले. एक जुन्या पद्धतीचा, तिरक्या धाग्यांचा. दुसरा रेडियल, तेव्हा नवीनच मिळू लागलेला. दोन्हींच्या बाजू त्यानं गुडघ्यानं दाबून दाखवल्या. जुन्या पद्धतीच्या टायरची बाजू आणि तळ एकदम हलत होते. रेडियलची बाजू वाकली तरी तळ जमिनीला सपाट चिकटून राहत होता. "वळणावर हा पाय उचलत नाही," तो म्हणाला.

अण्णानं रेडियल घेतले, नेहमीपेक्षा एक माप रुंद. मेस्तिरीनं ते नवे कोरे टायर रिम्सवर चढवले आणि सरळ घासायच्या यंत्राला लावले. अण्णाचा जीव खालीवर झाला. मेस्तिरी म्हणाला, "नव्या टायरची नखं लांब असतात. जोरात वळलं की नखं वाकतात, तापतात, तुटतात. अर्धी कापतो. पावसात मात्र हे घालू नका." पुस्तकातही हेच होतं. मद्रासच्या एका लायब्ररीतून मी मोटारींच्या टायरांवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यातलं वाचून मी मेस्तिरीला तमिळमध्ये सांगायचो, आणि तो बहुतेक वेळा म्हणायचा, "हे लिहिणाऱ्यानं कधीतरी हात काळे केलेत." एरवी मला कुणी कामाला लावत नसे. त्या दोन महिन्यांत मी उपयोगी माणूस होतो आणि ते मला आवडलं होतं.

घासून झाल्यावर मेस्तिरीनं चारही टायरांवरून तळवा फिरवला आणि आम्हा दोघांना जवळ बोलावून सांगितलं. "आता हे सोललेल्या कातडीसारखं आहे. याला तेल, पेट्रोल, पॉलिश काही लागू द्यायचं नाही. घासलेलं रबर तेल पितं. वरून पुसलं तरी पोटात राहतं." मी ते वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे. अक्षर माझं आहे.

मग सहा रविवार आम्ही ते टायर रस्त्यावर मुरवले. पहाटे निघायचं, इन्नंबूरवरून भाताच्या शेतांमधून, पुढे तिरुप्पनंदाळपर्यंत. आधी सावकाश, मग थोडं जोरात, मग थांबून पूर्ण थंड होऊ द्यायचे. थांबलं की मेस्तिरी उतरून उलट्या हातानं टायर चाचपायचा, तीन ठिकाणी: आतली कड, मध्य, बाहेरची कड. तिन्ही जागा सारख्या गरम लागल्या तर हवा बरोबर. मध्य जास्त गरम तर हवा जास्त, कडा जास्त गरम तर हवा कमी. मग तो आकडा सांगायचा, पुढे इतके पौंड, मागे इतके. मी हवा मोजायचा गेज लावायचो. त्याचा आकडा एका पौंडानंही चुकत नसे. अण्णा म्हणायचा, "मेस्तिरी, गेज विकून टाका." मेस्तिरी म्हणायचा, "गेज गिऱ्हाइकासाठी असतो, रायरे. त्यांचा माझ्या हातावर विश्वास नसतो."

एक गोष्ट माझी होती. टायरच्या खांद्यावर, म्हणजे तळ संपून बाजू सुरू होते तिथं, खडूच्या रेघा ओढायच्या आणि पळवून आल्यावर त्या कुठवर पुसल्या ते बघायचं. थोड्या पुसल्या तर ठीक. बाजूवर खूप खाली पुसल्या तर टायर वळणावर लोळतो आहे, हवा कमी. अजिबात पुसल्या नाहीत तर हवा जास्त, खांदा जमिनीला लागतच नाही. पण खडू रबरावर टिकेना, वाऱ्यानंच उडून जाई. मला गोपीचंदन सुचलं. आम्ही वैष्णव, घरी आमचे वडील, अप्पा, रोज सकाळी ते पाण्यात उगाळून अंगावर मुद्रा लावायचे. वाळलं की ती पिवळट माती कातडीला घट्ट धरून बसते. अप्पांच्या देवघरातलं घ्यायची छाती नव्हती, म्हणून मी बाजारातून वेगळा तुकडा आणला आणि मोटारीच्या डिकीत ठेवला. रेघा छान बसल्या. मेस्तिरी वाकून बघत राहिला. "चिन्न रायर, तुमच्या देवाची माती रबरालाही मानवते," तो म्हणाला. अण्णा म्हणाला, "अप्पांस सांगूं नको. टायरांस मुद्रा लावूलांस म्हणतील."

मद्रासचा दिवस दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ठरला. फी भरायला आणि हेल्मेट आणायला अण्णा चार दिवस आधी मद्रासला गेला. तो नव्हता त्या दिवसांत आयुधपूजा आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं, वजनं, दुकानाचा तराजू, सगळं पूजेला मांडतात. माझी पुस्तकंही सरस्वतीपुढे ठेवली जात. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा पूजा होईपर्यंत पूजेतल्या कशालाही हात लावायचा नाही, काही वाचायचं नाही. अप्पांनी त्या वर्षी सांगितलं की अण्णाचे टायरही मांड, त्याचं ते आयुध. मला बरं वाटलं. अण्णाच्या या नादाला अप्पांनी पहिल्यांदाच काही नाव दिलं होतं. मी रिम्ससकट चारही टायर मधल्या खोलीत आणून भिंतीला टेकून उभे केले. घासलेल्या रबराचा रंग करडा, मातकट होता. शेजारी चिंचेनं घासलेली पितळेची भांडी झळकत होती.

अप्पा टायरांकडे बघत म्हणाले, "हे असे का दिसूलेत? राख फासल्यासारखे."

"घासलेले आहेत, अप्पा. ते असेच."

"पूजेस ठेवायची वस्तू अशी कोरडी ठेवूं नये. तेल लाव."

वहीत काय लिहिलं होतं ते मला तेव्हा आठवलं. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणायचं होतं की अप्पा, यांना तेल चालत नाही. ते कदाचित रागावले असते, कदाचित नसतेही. पूजेच्या दिवशी त्यांना उलट बोलायचं नाही अशी घरात रीत होती, आणि रीत पाळणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. खोबरेलाची वाटी घेतली, फडकं बुडवलं, चारही टायर चोळले. आधी फक्त बाजू चोळणार होतो. पण बाजू काळीभोर झाली आणि तळ करडा राहिला, ते विचित्र दिसायला लागलं. तेव्हा तळही चोळला. टायर नव्यासारखे झाले. त्यावर मी गंध-कुंकू लावलं. मागं सरून बघितलं तेव्हा मला ते देखणे वाटले, हेही लिहिलं पाहिजे.

ठरवलं होतं की लगेच पुसून टाकायचे. पण पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नव्हता. ते रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसेच राहिले, रबर तेल पीत राहिलं. विजयादशमीची पूजा झाली. पुस्तकं परत मिळाली. दीड दिवस न वाचता काढला होता, मी एक पुस्तक घेऊन ओसरीवर बसलो आणि संध्याकाळ झाली. अण्णाची बस यायच्या वेळी दचकून उठलो. कोरड्या फडक्यानं टायर पुसले, कुंकू काढलं, तरी चमक जाईना. तेव्हा मागच्या अंगणातली कोरडी माती हातानं चोळली. करडे झाले. मी स्वतःला सांगितलं की तेल गेलं.

अण्णा आला. पोत्यांत गुंडाळलेले टायर आम्ही मोटारीच्या टपावर बांधले. त्यानं विचारलं, "काय वाचूलांस इतकं? डोळे लाल झालेत." मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

मद्रासला अण्णा, मेस्तिरी आणि मी, असे तिघंच गेलो. पट्टीवर सकाळीच ऊन तापलं होतं. मेस्तिरीनं गाडी एका शेडच्या सावलीत घ्यायला लावली, कारण एका बाजूला ऊन लागलं तर त्या बाजूचे टायर पौंडभर जास्त दाखवतात. साधी चाकं काढून ती चार चढवली. तळव्यांनी थोपटत त्यानं हवा ठरवली, पुढे तीस, मागे अठ्ठावीस. तापल्यावर चार-पाच पौंड वाढतील, मग बघून सोडू, म्हणाला. त्याच्या हाताला माती लागली, ती त्यानं लुंगीला पुसली. त्याला काही वेगळं वाटलं नाही. माती मी चांगली चोळली होती.

मग माझं काम. गोपीचंदन उगाळून मी पुढच्या डाव्या टायरच्या खांद्यावर रेघ ओढली. ती बसली नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी तिची वेगवेगळी टिपं झाली आणि खाली घसरली.

त्या वेळी सगळं माझ्या लक्षात आलं. अण्णा चार पावलांवर हेल्मेटचा पट्टा आवळत होता. मेस्तिरी नट तपासत होता. साधी चाकं तिथंच पडली होती, परत चढवायला अर्धा तास पुरे होता. मी शर्टाच्या टोकानं खांदा पुसला, पुन्हा रेघ ओढली. जाड लावली. कशीबशी चिकटली. चारही टायरांवर तसंच केलं. अण्णानं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

पहिल्या दोन फेऱ्या तो सावकाश गेला. तिसरीत टायर तापले. शेवटच्या वळणाला मागची बाजू निसटली, गाडी स्वतःभोवती फिरली आणि वाळू भरलेल्या पिंपांवर डाव्या अंगानं आदळली. आम्ही पळत गेलो. अण्णा शुद्धीवर होता. हात दारात चेपला होता.

त्याला उचलून सावलीत बसवलं, हॉस्पिटलला न्यायची गाडी येईतोवर. वेदनेनं तो पांढरा पडला होता. म्हणाला, "टायर धरलेच नाहीत. दगडासारखे घसरले. मेस्तिरी, लॉरीला भरता तशी हवा भरलीत तुम्ही."

मेस्तिरी आदळलेल्या मोटारीकडे गेला. मी मागे गेलो. टायरांना वाळू आणि गवत चिकटलं होतं. रेघांचा कुठं मागमूस नव्हता. तो उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. "रेघा पूर्ण गेल्या म्हणजे हवा कमी," तो म्हणाला. "रायर म्हणतात तसे घसरले म्हणजे हवा जास्त. दोन्ही एकदम कसं होईल?" मग त्यानं मान वर केली. "चिन्न रायर, रेघा नीट बसल्या होत्या?"

"हो," मी म्हटलं.

तो स्वतःच्या तळव्याकडे बघत उठला. "मग माझाच हात चुकला."

हॉस्पिटलपर्यंत तो आमच्याबरोबर आला, बाहेर बाकावर बसून राहिला. अण्णानं त्याला आत बोलावलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटा कुंभकोणमला परत गेला.

अण्णाचं कोपर वाकडं जुळलं. मोटार त्यानं विकली आणि पुन्हा कधी त्या पट्टीवर गेला नाही. मेस्तिरीकडे जाणं बंद केलं. तो मनानं वाईट नव्हता, पण गोष्ट सांगायची हौस होती त्याला. दुकानात कुणी हाताबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "मेस्तिरीकडे हवा भरायची असेल तर हेल्मेट घालून जा." लोक हसायचे. कॉफी प्यायला जमणाऱ्यांत हे वाक्य वर्षभर फिरलं. एकदा अण्णानं ते माझ्यासमोर म्हटलं आणि सगळे हसले तेव्हा मीही हसलो. बाकी बऱ्याच गोष्टींचं काहीतरी कारण सांगता येतं. या हसण्याचं सांगता येत नाही.

सांगायची वेळ किती वेळा आली ते मोजलेलं नाही. अप्पा होते तोवर वाटायचं, त्यांच्यावर येईल. अप्पा गेल्यावर वाटलं, आता इतक्या वर्षांनी कशाला. अण्णा कधी कधी संध्याकाळी ओसरीवर बसून ते कोपर दाबत असायचा. मी समोर वाचत असायचो. या वर्षी पोंगलनंतर तो दुकानातच छातीत कळ येऊन गेला.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी मी मेस्तिरीकडे गेलो. दुकान तेच. यंत्र बंद होतं, भट्टी कुणा दुसऱ्याला दिली होती. तो आता पंक्चर आणि हवा एवढंच करत होता. मला बघून उठला, हात जोडले. "पेरिय रायर गेल्याचं कळलं. यायचं मनात होतं. पण त्यांना आवडलं नसतं, म्हणून नाही आलो."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. आयुधपूजा, खोबरेल, माती, न बसलेल्या रेघा. सांगताना माझं तमिळ अडखळत होतं, जे कधी होत नाही.

तो ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "तळावरही लावलं होतं?"

"हो."

"रात्रभर ठेवलं?"

"दुसऱ्या दुपारपर्यंत."

त्यानं मान हलवली. कामाचा माणूस कामाचं बोलतो तसं म्हणाला, "तापल्यावर बाहेर आलं असणार. थंड असताना कळत नाही. म्हणून दोन फेऱ्या ठीक गेल्या." आणि मग, "पेरिय रायरना हे ठाऊक होतं?"

"नाही."

"कधीच सांगितलं नाहीत?"

"नाही."

"मग मीच चुकलो असं समजूनच ते गेले."

माफ करा म्हणायचं ठरवून गेलो होतो. ते शब्द त्या वेळी तोंडात आले असते तर ते फक्त माझ्या सोयीचे झाले असते. मी उभा राहिलो. त्यानं बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. रस्त्यावरून तिरुनागेश्वरमला जाणारी भाविकांची एक बस गेली. तिची धूळ हळूहळू खाली बसली.

मग त्याची नजर माझ्या स्कूटरकडे गेली. मागच्या टायरात हवा कमी होती. तो सवयीनं पुढे झाला, खाली बसला, अंगठ्यानं टायर दाबला. "अठरा," तो पुटपुटला. खिशातून गेज काढून लावला. मी वाकून पाहिलं, अठराच होते. मला वाटलं, तो आता वर बघेल.

त्यानं वर पाहिलं नाही. दुकानात जाऊन खिळ्याला टांगलेला दुसरा गेज घेऊन आला आणि तोही लावून बघितला.